कबड्डीतली वजाबाकी

सुरुवातीलाच क्षमा मागतो, कारण असं काही लिहावं इतका मी मोठा नाही. शाळेबद्दल शिक्षकांनी लिहावं, खेळाबद्दल खेळाडूंनी. मी या दोघांपैकी कोणीच नाही. मेहकरच्या एका कॉलेजात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय गणित, आणि गणितातले माझे गुण आपणहून कोणाला सांगावेत असे नाहीत. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. वडील दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर आहेत. मी काहीतरी लिहून राह्यलो हे त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "परीक्षेत येते का ते?" नाही म्हटलं, तर म्हणाले, "मंग कायले?" ज्यांची उभी नोकरी मुलांना शिकवण्यात गेली त्यांना हे वाचून हसू आलं, तर ते बरोबरच आहे असं समजावं. मागच्या वर्षी एका शाळेत जे पाहिलं तेवढंच लिहितो.

दुसऱ्या वर्षाला आम्हाला एक प्रकल्प करावा लागतो. कॉलेजबाहेर जाऊन लोकांमध्ये काही काम करायचं आणि त्याचा अहवाल द्यायचा, असा नियम आहे. वर्गातल्या मुलांनी माती परीक्षण घेतलं, कोणी विहिरींची पाहणी घेतली. विषयांच्या यादीत शेवटी "खेळातून प्राथमिक गणित" असं होतं आणि ते कोणी घेत नव्हतं. आमच्या सरांनी माझ्याकडे पाहिलं. मला नाही म्हणायला वेळ लागतो, तेवढ्यात त्यांनी माझं नाव लिहून टाकलं होतं.

शाळा मला सुलतानपूरच्या अलीकडची मिळाली. फाट्यावर एसटीतून उतरायचं आणि आत चालत जायचं. जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते चौथी, दोन खोल्या, दोन शिक्षक. मुख्याध्यापक सर निवृत्तीला आलेले होते. ते मला पहिल्याच दिवशी म्हणाले, "तुम्ही आलात ते बरं झालं. मी इकडं ऑनलाईन माहिती भरत बसतो, तुम्ही तिसरी-चौथीचं गणित पाहा. फक्त कोणाचं डोकं फुटू देऊ नका." मोबाईल कानाशी नाही तर हातात, आणि हातात असला की त्यात काहीतरी भरणं चाललेलं, असे ते मला बहुतेक वेळ दिसले. माणूस प्रेमळ होता.

मी नेलेला खेळ क्रिकेटचा होता. पुठ्ठ्यावर मैदान, दोन फासे, फाशांच्या बेरजेइतक्या धावा. इंटरनेटवर तो मला फार आवडला होता आणि एक रात्र घालवून मी तो रंगवला होता. मुलं गोल करून बसली. चार-पाच फासे पडले असतील, तेवढ्यात तिसरीतला एक मुलगा उठून उभा राहिला. बारीक अंगाचा, आवाज मात्र सगळ्यात मोठा.

"सर, ह्याच्यात पळाचं कुठं?"

"पळायचं नाही. फासा टाकायचा आणि बेरीज करायची."

"मंग याले क्रिकेट काऊन म्हनता? हे तं सापशिडी हाये, बिगर सापाची."

सगळे हसले. मीही हसलो, कारण दुसरं काय करावं ते समजेना. पुठ्ठा तसाच ठेवून मुलं मधल्या सुट्टीत पळाली.

शाळेच्या मैदानात तेव्हा पाण्याच्या पाइपलाइनसाठी नाली खोदलेली होती, म्हणून मुलं गावातल्या बुद्धविहारासमोरच्या मोकळ्या जागेत खेळायची. मी त्यांच्या मागे गेलो. त्यांनी पायानेच मातीत रेघा ओढल्या आणि कबड्डी सुरू झाली. तो बारीक मुलगा खेळत नव्हता, तो पंच होता. त्याला पंच कोणी केलं हे मला कधी कळलं नाही. सगळे त्याला शिव्या देत होते आणि सगळे त्याचं ऐकत होते.

सगळ्यांत चांगली खेळायची ती चौथीतली एक मुलगी. अंगाने मोठी नव्हती, पण चढाईला गेली की समोरचे सातही जण मागे सरकायचे. ती फार वेळ काही करायची नाही, नुसती इकडून तिकडे डुलत राहायची, आणि मग कोणाच्या तरी पायाला हात लावून परत आलेली असायची. बाद झालेली मुलं बाजूला ओळीने बसत होती. आपल्या बाजूला गुण मिळाला की ओळीतला पहिला जिवंत होऊन आत यायचा. मी ते पाहत उभा राहिलो आणि मला वाटलं, बेरीज-वजाबाकी इथे चाललेलीच आहे. फक्त कोणी ती तोंडाने म्हणत नाही.

दुसऱ्या वेळी गेलो तेव्हा मी एकच नियम जास्तीचा सांगितला. प्रत्येक चढाईच्या आधी दोन्ही कप्तानांनी ओरडून सांगायचं: आत किती, बाहेर किती. चुकलं तर समोरच्यांना एक गुण. पंच खूश झाला, कारण त्याला आता दुप्पट ओरडायला मिळणार होतं.

"आत पाच, बाहेर दोन!"

"अय, ते झाडामागं मुताले गेलं त्याले कोन मोजन?"

"ते आत धर."

"मुतून राह्यला तं आत कसा, बे?"

असं चालायचं. पण महिन्याभरात कोणी बोटं मोजेनासं झालं. खेळ झाला की आम्ही व्हरांड्यात बसून त्याच खेळातली उदाहरणं पाटीवर मांडायचो. आधी लहान, मग दोन अंकी. मला मनातून बरं वाटत होतं. हे खरंच माझ्यामुळे होतंय का, अशी शंकाही होती.

त्या दिवसांत एकदा खिचडी शिजवणाऱ्या काकूंनी मला स्वयंपाकाच्या खोलीकडे बोलावलं. चढाई करणाऱ्या त्या मुलीच्या त्या आई होत्या. गॅसवर मोठं पातेलं होतं आणि त्या बोलताना त्याच्याकडेच पाहत होत्या.

"सर, माही पोरगी चौथीत हाये. तुमाले माहीतच असन, उड्या मारते ते."

"हो काकू. चांगली खेळते."

"खेळते ते मालूम हाये मले. गनित येते का तिले, ते सांगा."

मी म्हटलं, येतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग सांगितलं की ही शाळा चौथीपर्यंतच आहे. पाचवीला शेजारच्या गावाला पायी जावं लागतं. मोठी मुलगी तशीच जायची.

"नाल्याले पानी आलं का घरी राहे. कापूस वेचाले आला का घरी राहे. मंग मागं पडली. मंग तिले वर्गात जाची लाज वाटे. सातवीत बसली घरी ते बसलीच. आता मावशीसंगं कामाले जाते." त्यांनी पातेल्यात पळी फिरवली. "मेहकरले मुलींची राहाची शाळा हाये. तितं परीक्षा घेतात, निवडक पोरी घेतात. मोठ्या सरनं हिचा फॉर्म भरून देल्ला. अर्धा पेपर गनिताचा हाये म्हनतात. हिचा नंबर लागला पाह्यजे सर. तितं राह्यली तं शिकन. इतं राह्यली तं मोठीसारखंच होईन."

मी "हो" म्हणालो. बाहेर आल्यावर जाणवलं की माझ्या प्रकल्पाला आतापर्यंत काहीच वजन नव्हतं, आता ते आलं आहे. मला ते फारसं आवडलं नाही, हेही खरं.

त्यानंतर मी तिला वेगळी उदाहरणं देऊ लागलो. इतर मुलं जायला निघाली की ती व्हरांड्यात थांबायची. वजाबाक्या ती भरभर करायची. पण एक दिवस मी तपासत होतो आणि एक उत्तर चुकलं. ८७ वजा ३७. तिने लिहिलं होतं ५७. मी म्हटलं घाईत चुकली असेल. पुढे ६७ वजा २७, उत्तर ४७. त्याच्या खाली ७५ वजा ७२, उत्तर ७३. बाकी सगळी बरोबर होती. ९६ वजा ४६ तिने व्यवस्थित ५० लिहिलं होतं. म्हणजे तिला शून्य येत होतं. सहातून सहा गेले की शून्य, चारातून चार गेले की शून्य. फक्त सातावर सात आला की ती खाली सात लिहीत होती.

मी बाकीच्या मुलांच्या पाट्या पाहिल्या. निम्म्या मुलांचं तेच. पंचाने तर ५७ च्या पुढे थोडी जागा सोडून एक २ सुद्धा लिहिला होता. हा दोन कुठून आला, ते मला समजेना. त्या दिवशी परतीच्या एसटीत मी तीच उदाहरणं कागदावर करून पाहत होतो, जणू माझीच काही चूक असेल. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या बाबांनी विचारलं, "परीक्षा हाये का?" मी हो म्हणून टाकलं.

पुढच्या वेळी मी तिलाच विचारलं.

"सातातून सात गेले, किती राहिले?"

"सात."

"सहातून सहा गेले?"

"काहीच नाही. शून्य."

"मग सातातून सात गेल्यावर सात कसे?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू इतकं मोठं होऊन याला हेही माहीत नाही. "सर, सातचे सात बाद झाले तं लोण नाही का चढत? लोण चढला का सारे वापस येतात."

"अन् समोरच्याले दोन," पंच मागून म्हणाला.

कबड्डी न खेळलेल्यांसाठी सांगतो. एका बाजूचे सातही गडी बाद झाले की त्याला लोण म्हणतात. लोण देणाऱ्यांना दोन गुण जास्तीचे मिळतात आणि बाद झालेले सगळे पुन्हा आत येतात. म्हणजे मैदानाचा अर्धा भाग रिकामा असा राहतच नाही. मी दोन महिने त्यांना वजाबाकी कबड्डीतून शिकवत होतो, आणि मला हे सुचलं नव्हतं की या खेळात सातातून सात जाऊच शकत नाहीत. ती मुलं बरोबर खेळत होती. चूक होती ती पाटीवर.

मी समजावायला गेलो. म्हटलं, "शेवटचा गडी बाद झाला आणि सगळे अजून परत आत आलेले नाहीत, त्या क्षणी आत किती?"

ती विचारात पडली. "त्या वक्ती कोनी मोजत नाही सर. त्या वक्ती सारे ओरडतात."

मी क्रिकेटकडे वळलो. जिंकायला चार धावा हव्या आहेत, चौकार मारला, किती धावा राहिल्या? ती म्हणाली, "मंग खेळच संपला. कोन मोजते?" पंच म्हणाला, "मंग घरी जाचं, सर."

मुख्याध्यापक सरांपर्यंत हे गेलंच. तिने सरावाचा पेपर सोडवला होता तो त्यांनी पाहिला. आधी ते खूप हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग चष्मा पुसत म्हणाले, "तुमचा प्रयोग चांगला आहे. वाईट वाटून घेऊ नका. पण या पोरीची परीक्षा जवळ आली आहे. पेपरात चार ठिकाणी सातावर सात आला तर तिचे चार गुण गेले, आणि तिथं एकेका गुणावर पोरी राहतात. मी म्हणतो, तिला कबड्डी बंद करा. पाटी आणि पाढे. आम्ही तसेच शिकलो."

मला ते पटलं. माझं म्हणणं धरून ठेवावं असं मला तेव्हा वाटलं नाही, कारण माझं म्हणणं काय आहे हेच मला नीट माहीत नव्हतं. काकूंना मी ते सांगायला गेलो. त्यांनी ऐकून घेतलं.

"खेळाचं बंद केलं तं ते शाळेतच येनार नाही, सर. तुमी पाह्यलं नाही तिले. पह्यले दप्तर घेऊन निंघे आन् तिकडं बोरीखाली बसे. तुमच्या खेळापासून टायमावर येते." मग म्हणाल्या, "खेळू द्या. पन ते सातचं काय हाये ते नीट करा. तुमीच केलं ना ते?"

मीच केलं होतं. पण नीट कसं करायचं, ते मला येत नव्हतं. आमच्या कॉलेजात शून्यावर दोन-तीन व्याख्यानं झाली होती, संचांची, रिक्त संचाची. त्यातलं इथे काही चालण्यासारखं नव्हतं.

शेवटी मी एक शिटी विकत घेतली. नियम असा केला की लोण चढला की मी शिटी वाजवणार. शिटी वाजली की जो जिथे आहे तिथे थांबायचं. बाद झालेल्यांनी बाहेरच राहायचं. ज्यांच्यावर लोण चढला त्यांच्या कप्तानाने आपल्या रिकाम्या मैदानाकडे पाहून आत किती ते मोठ्याने सांगायचं, आणि मगच सगळ्यांनी आत यायचं. सांगितलं नाही तर दोनाऐवजी तीन गुण.

पहिल्या दिवशी त्याचा पार विचका झाला. कोणी थांबेना. लोण दिलेले नाचायला लागायचे आणि लोण घेतलेले "पंच खोटा हाये" म्हणून भांडायचे. दुसऱ्या दिवशी मात्र एक गोष्ट घडली, जी मी ठरवलेली नव्हती. त्या मुलीच्या बाजूवर लोण चढला. तिच्या हातून असं क्वचितच व्हायचं. मी शिटी वाजवली. समोरच्या पोरांनी रेघेवर येऊन तिच्या रिकाम्या मैदानाकडे बोट दाखवलं आणि पंचाने आरोळी ठोकली, "आत किती?"

तिने मान फिरवली.

"आत किती वं? सांग ना!"

"सांगते ना, थांब."

"शून्य! शून्य! शून्य!" सगळे ओरडायला लागले. बसलेली पहिली-दुसरीची पोरंही टाळ्या वाजवून ओरडायला लागली. ती रागाने लाल झाली. मला वाटलं, रडते की काय. तिने पंचाच्या अंगावर मूठभर माती फेकली आणि एकदाच ओरडली, "शून्य! बस झालं?" मग सगळे आत आले.

आरडाओरडा ऐकून काकू हातात पळी घेऊन विहारापर्यंत आल्या होत्या.

"काऊन चिडवता रे तिले?"

"चिडवत नाही काकू," पंच म्हणाला. "गनित हाये."

"असं कोन्तं गनित? मास्तर तं समोर उभे हायेत तुमचे."

मी शिटी खिशात टाकली. काकू माझ्याकडे पाहत परत गेल्या. मुलगी त्या दिवशी व्हरांड्यात थांबली नाही.

पण त्यानंतर गावात ती एक रीतच झाली. लोण चढला की चढवणारे रिकाम्या मैदानाकडे बोट दाखवून शून्य, शून्य म्हणून चिडवायचे. मी नसलो तरी. शिटीची गरज उरली नाही. तिने तर त्याचा सूड घेतला. नंतरच्या दिवसांत पंचाला खेळायला लावून त्याच्या बाजूवर एकामागून एक लोण चढवले आणि प्रत्येक वेळी रेघेवर उभी राहून तोच प्रश्न विचारला. पाटीवर सातावर सात आला की मुलांच्या तोंडून आपोआप तोच सूर निघायचा आणि खाली शून्य पडायचं. पंचाने पुढे लिहिलेला दोन मात्र बरेच दिवस तसाच राहिला. तो म्हणायचा, "सर, आमचे दोन गुण तुमी काऊन खाता?"

हे मी शिकवलं असं म्हणता येणार नाही. मुलांनी एकमेकांना चिडवून चिडवून ते शिकून घेतलं. अहवालात मी ते कसं लिहावं, हे मला कळलं नाही.

परीक्षा मेहकरला होती. मी तिथेच राहत असल्यामुळे सकाळी स्टँडवर गेलो. काकू आणि ती मुलगी पहिल्या गाडीने आल्या होत्या. मुलीच्या केसांना इतकं तेल होतं की ते कपाळावर आलं होतं. पेन नवा होता आणि ती त्याचं टोपण सारखं काढून लावत होती. मी म्हटलं, घाबरू नकोस. ती म्हणाली, "मी कायले घाबरू?" काकू घाबरल्या होत्या. त्यांनी मला परीक्षेच्या शाळेपर्यंत सोबत यायला सांगितलं आणि फाटकातून आत जायच्या आधी चपलेचा चिखल दगडाला घासून काढला, स्वतःच्या आणि मग मुलीच्या.

दुपारी बाहेर आल्यावर मी पहिला प्रश्न तोच विचारला.

"सातावर सात आला होता का?"

"कुठंच नवता," ती म्हणाली. "घड्याळाचा एक प्रश्न होता, तो सोडून देल्ला. आपन घड्याळ केलंच नाही ना, सर."

खरं होतं. घड्याळ आम्ही केलंच नव्हतं.

पेपरानंतर तोंडी परीक्षाही झाली होती. तीत तिथल्या शिक्षकांनी तिला गावाचं नाव विचारलं, आई काय करते विचारलं. तिने सांगितलं, शाळेत स्वयंपाक करते. किती मुलांचा, असं विचारलं. तेही तिने सांगितलं. मग म्हणाले, तुला इथे राहायला आवडेल का?

"मंग तू काय म्हनली?" काकूंनी विचारलं.

"म्या म्हनलं, मैदान हाये का?"

"हे पोट्टी!" काकूंनी डोक्यालाच हात लावला. "असं इचारतात का वं मोठ्या मानसायले?"

"त्याइनं इचारलं म्हून इचारलं."

तिथून आम्ही स्टँडवर आलो, त्यांनी मला डब्यातली पोळी आणि ठेचा दिला, आणि त्यांची गाडी लागली. त्यानंतर मी त्या मुलीला पाहिलं नाही.

माझा प्रकल्प संपला. अहवालात शेवटी निष्कर्ष लिहायची जागा असते. मी बराच वेळ ती कोरी ठेवली होती. मग "समाधानकारक" असं लिहिलं, कारण माझ्या आधीच्या मुलांच्या अहवालांत तेच लिहिलेलं होतं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "खेळाने गणित सुधारतं का?" मी म्हटलं, "सर, काही सुधारतं, काही बिघडतं. मग बिघडलेलं पुन्हा नीट करावं लागतं." ते म्हणाले, "म्हणजे?" मी सात-सातचं सांगायला लागलो, पण त्यांच्याकडे अजून बरीच मुलं होती. मला बरे गुण मिळाले.

उन्हाळ्यात मी घरी होतो, हिवरा आश्रमाच्या बाजूला. वडिलांसोबत ट्रॅक्टरवर जात होतो. निवड यादी लागली असं ऐकलं तेव्हा एका कामासाठी मेहकरला जायचंच होतं, म्हणून त्या शाळेत जाऊन आलो. यादी फाटकाजवळच्या फळ्यावर चिकटवलेली होती. मी ती वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली. तिचं नाव नव्हतं. खाली प्रतीक्षा यादी म्हणून दुसरा कागद होता, त्याचा खालचा भाग वाऱ्याने की कशाने फाटला होता. उरलेल्या भागात तिचं नाव नव्हतं. फाटलेल्या भागात होतं की नाही, हे आत जाऊन विचारायला पाहिजे होतं. आत एक शिपाई बसले होते. मी दोनदा फाटकापर्यंत गेलो. ते म्हणतील, तुम्ही तिचे कोण? असं वाटलं आणि परत आलो.

फोन करावा असं मनात यायचं. काकूंचा नंबर माझ्याकडे होता. पण त्यांना काय सांगणार होतो? नाव नाही हे त्यांना माझ्याआधी कळलं असणार. नसेल कळलं तर ते मी कशाला सांगू? मुख्याध्यापक सर मे महिन्यातच निवृत्त होऊन त्यांच्या गावाला निघून गेले होते. एकदा मी काकूंना फोन लावला, तर तो बंद लागला. मी मनाशी धरून चाललो की ती मुलगी आता शेजारच्या गावाला पायी जात असेल. पावसाळा लागला तेव्हा नाल्याचा विचार आला. पुढे माझा अभ्यास सुरू झाला आणि विचार येणं कमी झालं. हे असंच होतं, असं मी बऱ्याच जणांकडून ऐकलं आहे.

पोळा होऊन गेल्यावरच्या एका रविवारी मी गावाहून मेहकरला परत आलो. स्टँडवर उतरलो तर समोर बाकावर काकू बसल्या होत्या. पायाशी पिशवी, पिशवीत रिकामा डबा. पुन्हा ओळख द्यावी लागेल असं मला वाटलं, पण त्यांनीच आधी पाहिलं.

"काय सर, कुठं हाय तुमी? फोन नाही, काही नाही."

मी म्हटलं, मी लावला होता, तुमचाच बंद लागला.

"तो फोन फुटला ना माहा. नंबर सारे गेले." त्यांनी बाकावर सरकून जागा केली. "बसा ना. पोरीले भेटाले आली होती मी. रविवारी भेटू देतात."

मी विचारलं, "कुठे?"

"आता कुठं म्हनता? राहाच्या शाळेत. तुमाले कोनीच नाही सांगतलं?" त्या मोठ्याने बोलायला लागल्या, तशी बाजूची दोन-तीन माणसं पाहू लागली. "वेटिंगवर होती ना ते. मधात तिकडच्या गावाले पायीच जाऊन राह्यली होती. मी म्हनलं गेलं आता, मोठीसारखंच. मंग एक पोरगी रडू रडू घरी गेली म्हनतात, तिची जागा मोकळी झाली. पोळ्याच्या आदल्या दिवशी नव्या सरनं घरी येऊन सांगतलं, पोरीले घेऊन या म्हने, नंबर लागला."